शेजाऱ्याच्या अंगणाखालून गेलेला पाईप, कॅमेऱ्याची क्लिप आणि ३ लाखांची नोटीस

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, क्लिपही पूर्ण बघितली. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. संभाजीनगरात गुलमंडीच्या मागे तुम्ही १४ महिन्यांपूर्वी साधारण ६० वर्षं जुनं घर घेतलं, पहिल्याच पावसाळ्यात नहाणीतून घाण पाणी उलटं वर आलं, कॅमेरा घालून बघितलं तर तुमची ड्रेनेज लाईन शेजाऱ्यांच्या अंगणाखालून गल्लीतल्या चेंबरला जातेय आणि ११ मीटरवर पाईप फुटलाय. शेजारी दुरुस्तीला आत येऊ देईनात, उलट वकिलाची नोटीस आली की ३ वर्षांपासून आमच्या भिंतीला ओल आहे, ३ लाख द्या नाहीतर पाईप बंद करतो. आणि तुम्ही विचारायलात की पैसे द्यावेच लागतील का.

आत्ता एक रुपया देऊ नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "चुकलं आमचं, बघू काहीतरी" असलंही काही लिहू नका, कारण तीच ओळ उद्या कोर्टात तुमच्यासमोर ठेवतील.

पाईप बंद करायची धमकी आधी घेऊ. दुसऱ्याच्या जागेतून पाणी काढायच्या हक्काला आपण वहिवाट म्हणतो, कायद्यात सुविधाधिकार, आणि त्याचा १८८२ चा कायदा आहे. कोणाची परवानगी मागून नाही तर हक्काने, उघडपणे, खंड न पडता २० वर्षं वापर झाला असेल तर हक्क पक्का होतो, आणि ही २० वर्षं तुमची एकटीचीच लागत नाहीत, आधीच्या मालकांची धरतात. पाईप जमिनीखाली आहे मग उघड कसा, असं समोरचा वकील म्हणेलच. पण जाणकार माणसाने नीट बघितल्यावर सापडेल अशी मोरी ही उघड वहिवाट असं त्याच कायद्याच्या कलम ५ मधल्या उदाहरणात आहे, आणि तुमच्या क्लिपमध्ये तर ७ मीटरच्या आसपास वरून उजेड येतोय, म्हणजे त्यांच्या अंगणात चेंबरचं झाकण आहे आणि ते त्यांना रोज दिसतंय. अजून एक करा, जुनी खरेदीखतं काढा. दोन्ही घरं आधी एकाच वाड्याची असून भावाभावांत वाटणी झाली असेल तर कलम १३ खाली तुमची बाजू अजून भक्कम होते. निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात म्हणून लोक बाजूला ठेवतात, तसं करू नका, जाणत्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, मोरी किंवा पाण्याच्या वाटेचा उल्लेख सापडला तर निम्मं काम झालं.

आता ३ लाख. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कलम २४ तुम्हाला शेजाऱ्याच्या जागेत जाऊन दुरुस्ती करायचा हक्क देतं, त्यांना कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने, पण २५ प्रमाणे खर्च तुमचा, आणि २६ सांगतं की दुरुस्ती न केल्यामुळे शेजाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईही तुम्हीच द्यायची. म्हणजे पाईप म्हातारा होऊन फुटला असेल तर काहीतरी तुमच्या अंगावर येईल, निदान तुम्ही घर घेतल्यानंतरचं. पण शेजाऱ्यांनी स्वतःच तो फोडला असेल तर सगळं उलटं फिरतं.

म्हणून ११ मीटर हा आकडा फार महत्त्वाचा. तुम्हीच लिहिलंय की शेजाऱ्यांनी ३ वर्षांपूर्वी वरचा मजला चढवला आणि अंगणात नवीन कॉलम उभे केले. ओलही नोटिशीप्रमाणे ३ वर्षांचीच. आपल्याकडच्या काळ्या मातीत जुने चिनीमातीचे पाईप तसेही फुटतात, उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसात फुगते आणि सांधे सरकतात, २-२ फुटांचे तुकडे असले की ११ मीटरमध्ये १८ सांधे होतात. पण सरकलेला सांधा गोल कडेवर पायरीसारखा दिसतो, आणि तुमच्या क्लिपमध्ये वरून सरळ करडं काँक्रीट आत घुसल्यासारखं दिसतंय. मला तो कॉलमचा फुटिंग, म्हणजे जमिनीखालचा काँक्रीटचा पाया वाटतोय. वाटतोय म्हणतोय, कारण स्क्रीनवरचा आकडा म्हणजे फक्त किती केबल आत गेली ते, शून्य कुठून धरलं आणि वळणं किती यावर तो बदलतो. चांगल्या कॅमेऱ्याच्या डोक्यात ट्रान्समीटर असतो, वरून लोकेटर फिरवला की नेमकी जागा आणि खोली कळते. ती जागा कॉलमच्या पायाशी निघाली तर त्या ३ लाखांचं उत्तर तिथेच मिळालं. तोवर खोदायला लावू नका, पुरावा जाईल.

क्लिप जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाईल दाबली जाते, मूळ राहत नाही. मशीनमधली मूळ फाईल न कापता पेन ड्राईव्हवर घ्या, ऑपरेटरकडून तारखेचं बिल घ्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तयार ठेवा. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, लिहावी लागते.

घर विकणाऱ्यांना सोडू नका. खरेदीदाराला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगायलाच पाहिजे, मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ५५. अडचण असते ती त्याला माहीत होतं हे सिद्ध करायची, आणि ती शेजाऱ्यांनीच सोडवलीय. नोटिशीत चौथ्या परिच्छेदात लिहिलंय बघा, "आधीच्या मालकास लेखी कळवले होते". त्या पत्राची प्रत मागा. दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्यातले महिने चाललेत.

पत्रात तुम्ही सहज लिहिलंय की प्लंबर म्हणतोय चेंबरमध्ये माणूस उतरवून साफ करू. नाही ताई, कृपा करून नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टाकीत माणूस असा उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण शिक्षेचं राहू द्या, त्या गॅसने माणूस मिनिटांत जातो. जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने पाईप साफ करणारी गाडी बोलवा.

आता या आठवड्यात करायचं ते. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या, त्यात पैशाचा दावा नाकारा आणि दोघांच्या समोर दोन्ही टोकांनी पुन्हा कॅमेरा घालू असं लेखी सुचवा. दिवाणी कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला कळवल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज टाका, ९० दिवस चालतो, म्हणजे तुमचं न ऐकता त्यांना मनाई मिळणार नाही. ते ऐकेनात तर आपणच दावा लावून पाईप बंद करण्याविरुद्ध तात्पुरती मनाई आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर पाहणी करायला कोर्टाने नेमलेला माणूस मागायचा, त्याच्यासमोर झालेल्या सर्व्हेला तुमची खाजगी क्लिप म्हणून कोणी बाजूला सारू शकत नाही. फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि शेजारी तयार असतील तर दाव्याआधीच लोक अदालतीत तडजोड होते, मला स्वतःला तीच जास्त आवडेल, भिंतीला भिंत लावून राहायचंय तुम्हाला.

फक्त हे सगळं मृगाच्या आधी. पाईप पाण्याने भरला की कॅमेऱ्याला आत काहीच दिसत नाही, मग कमिशनर आला तरी दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.