शेतकरी वाचतो, त्याच्या पंपाचं माप लिहा

तुमचा प्रश्न असा: "यवतमाळकडच्या कापूसवाल्यांसाठी फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. माहिती चांगली असते, पण कोणी वाचत नाही. लोक वाचतील अशी पोस्ट कशी लिहावी, आणि दिवसाला किती टाकाव्यात?"

भाऊ, "कोणी वाचत नाही" हे मान्यच नाही. शेतीच्या ग्रुपांवर हे फार ऐकून झालं: शेतकऱ्याला वाचायचा कंटाळा, त्याला व्हिडिओच पाहिजे. साफ खोटं. कापसाचा भाव, पीकविम्याची शेवटची तारीख, पावसाचा अंदाज तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पोस्ट वाचली गेली नाही तर लिहिणाऱ्याने आधी आपला मजकूर तपासावा.

गुलाबी बोंडअळीचंच घ्या. ग्रुपवर फिरतं ते असं: "एकात्मिक व्यवस्थापनासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत व ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी." शिफारस बरोबर आहे (कामगंध सापळा म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा). पण वावर एकरात मोजतात, पाठीवरचा पंप १५ लिटरचा, आणि ५ टक्के म्हणजे नेमकं किती ओतायचं, हे कुठेच नाही. सगळं गणित बांधावर उभ्या असलेल्या माणसावर टाकलं.

तीच पोस्ट अशी सुरू करा (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड): "पऱ्हाटीत डोमकळी दिसली का? पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. सोलून बघा, आत अळी सापडते. तोडून नष्ट करा, वावरात टाकू नका." ही ओळ वरच हवी, कारण लांब मजकूर मध्येच तुटतो आणि खाली "आणखी वाचा" येतं. तिथवर कामाचं काही दिसलं नाही तर बोट पुढे सरकतं.

मग मापं. एकराला २ सापळे. सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून त्यात घालायचा, फडक्याने गाळायचं, कमी भरलं तर पाणी घालून १० लिटर करायचं. त्यात ९० लिटर पाणी घातलं की १०० लिटर द्रावण. १५ लिटरच्या पंपात दीड लिटर अर्क आणि साडेतेरा लिटर पाणी. हे शेवटचं वाक्य लिहायला कोणी बसत नाही, आणि ग्रुपवर विचारणा नेमकी त्याचीच होते. नीट गाळा हेही लिहाच, नाहीतर नोझल चोंदतं.

रासायनिक औषधात तर हे जिवावरचं आहे. शिफारशीतली मात्रा बहुतेकदा १० लिटर पाण्याची असते. तेवढीच १५ लिटरच्या पंपात पडली की औषध पातळ होतं, अळी मरत नाही, मग पुढच्या खेपेला अंदाजाने झाकणं वाढतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. त्या जिल्ह्यासाठी लिहिताना मापाची ओळ ढिली ठेवूच नये.

मजकूर फोटोत छापू नका. फोटो दाबला जातो, अक्षरं फुटतात, शोधता येत नाही, दुकानदाराला पाठवायला नाव कॉपी करता येत नाही. फोटो फक्त सोललेल्या डोमकळीचा, तळहातावर धरून, उन्हात काढलेला.

"पूर्ण वऱ्हाडीत लिहा" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पऱ्हाटी, वावर, डवरा, निंदण हे शब्द हवेतच. पण "करून राह्यलो" कागदी मराठीवर वाचायला शिकलेल्या डोळ्याला अडतं. ती बोली व्हॉइस नोटमध्ये बोला, तिथे ती शोभते.

दिवसाला किती? वावरात काम नसेल त्या दिवशी एकही नको. फवारणीची पोस्ट आदल्या संध्याकाळी टाका, सकाळी पंप भरून झालेला असतो.

एक राहिलं. वरची मापं कापसाची आणि निंबोळी अर्काची आहेत. रासायनिक औषधाची मात्रा डब्यावरच्या लेबलवरून घ्या, जुन्या फॉरवर्डवरून कधीच नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो, आणि पुढे गेलेल्या फॉरवर्डमध्ये चुकीचा आकडा तसाच फिरत राहतो. म्हणून टाकण्याआधी आकडे दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि मजकुरात तारीख, तालुका घाला.