टॅगला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो

वाचकांचे प्रश्न

किल्ली, पाकीट, बॅग यांना लावायच्या ब्लूटूथ टॅगबद्दल इंदूरच्या वेगवेगळ्या भागांतून पत्रं आली आहेत. काही पत्रांत तक्रार आहे, काहींत काळजी. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : राजवाड्याजवळ स्कूटरची किल्ली पडली. तिला टॅग लावलेला आहे. फोनच्या नकाशावर ती तासभर खजुरी बाजारात दिसत होती, सापडली मात्र कृष्णपुऱ्याकडच्या एका दुकानात. कोणीतरी उचलून तिथे ठेवली होती. टॅगमध्ये दोष आहे का? (सुदामानगर)

उत्तर : टॅग ठीक आहे. त्यात जीपीएस नसतं, सिम नसतं, इंटरनेट नसतं. तो थोड्या थोड्या वेळाने ब्लूटूथवर स्वतःचा एक बदलता सांकेतिक क्रमांक हवेत सोडतो, एवढंच त्याचं काम. जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी फोनला तो ऐकू येतो. तो फोन स्वतःचं ठिकाण नोंदवतो आणि कुलूपबंद करून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. ते कुलूप फक्त तुमच्या खात्याने उघडतं. ज्याच्या फोनने ही नोंद पाठवली त्याला याचा पत्ताही नसतो.

म्हणजे नकाशावर जो ठिपका दिसतो तो त्या वाटसरूच्या फोनचा. राजवाड्याभोवतीच्या दाट गल्ल्यांत फोनचं जीपीएसच वीस-तीस मीटर इकडेतिकडे होतं, त्यात ब्लूटूथचं अंतर मिळवा. ठिपका शेजारच्या गल्लीत पडणं अगदी स्वाभाविक आहे. त्याहून महत्त्वाची आहे ठिपक्याखाली लिहिलेली वेळ. तिथे ‘तासाभरापूर्वी’ असेल, तर किल्ली तासाभरापूर्वी तिथे होती एवढंच कळतं. नंतर ती दुकानाच्या गल्ल्यात, लोखंडी ड्रॉवरमध्ये गेली असेल, तर टॅगचा सिग्नल बाहेर पोचलाच नसेल. आधी वेळ वाचा, मग चालायला लागा.

अँड्रॉइडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. टॅग ऐकून नोंद पाठवणाऱ्या फोनांचं गूगलचं जाळं म्हणजे ‘फाइंड हब’. त्यात मुळात अशी सेटिंग असते की, फक्त गर्दीच्या ठिकाणी, म्हणजे अनेक फोनांनी तोच टॅग ऐकला तरच नोंद कामी येते. सराफ्यात रात्री हे चालून जातं, सुदामानगरच्या आतल्या रस्त्यावर दुपारी नाही. सेटिंग्जमध्ये गूगल, तिथे सगळ्या सेवा, मग फाइंड हब आणि ऑफलाइन उपकरणं शोधण्याचा पर्याय असा रस्ता आहे. फोनच्या मॉडेलप्रमाणे नावं थोडी बदलतात. तिथे ‘सर्व भागांत’ निवडलंत की तुमचा फोन एकटा असला तरी ऐकलेल्या टॅगची नोंद पाठवतो. घरातल्या, दुकानातल्या सगळ्यांच्या फोनवर हे करून ठेवा. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू हवं, हे सांगायला नको.

ठिपक्यापाशी पोचल्यावर घाई करू नका. अॅप उघडं ठेवून सावकाश चाला, चार-सहा पावलांनी थांबा, फोन छातीसमोर धरून स्वतःभोवती वळा. माणसाच्या शरीरातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे टॅग पाठीमागे असला तर सिग्नल कमजोर दिसतो. टॅग जोडला गेल्याचं दिसलं की ‘आवाज करा’ दाबा. मोकळ्या मैदानात हे बऱ्याच लांबून जमतं, भिंती आणि कपाटं मध्ये आली की दहा-पंधरा मीटर धरून चाला. आयफोन ११ किंवा नंतरचा (एसई, १६ई यांसारखी मॉडेलं सोडून) आणि ॲपलचा एअरटॅग असेल तर अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्रामुळे बाण आणि अंतर दिसतं. गादीखाली, सोफ्याच्या फटीत गेलेल्या वस्तूसाठी ही सोय खरोखर उपयोगाची आहे.

प्रश्न : जेल रोडवर दोनशे रुपयांत टॅग मिळतात आणि दीड-तीन हजारांचेही. घरात दोन अँड्रॉइड आणि एक आयफोन आहे. कुठला घ्यावा? (लोकमान्यनगर)

उत्तर : स्वस्त टॅगमागे बहुतेक वेळा जाळं नसतं. तो फक्त तुमच्या फोनशी, त्याच्या स्वतःच्या अॅपमधून बोलतो. घरात किल्ली सापडत नसेल तर वाजेल, पण बाजारात पडली की मुका. लांब गेल्यावर फोन वाजवण्याची सोय त्यांच्यात असते खरी, पण दोन खोल्यांमध्येच ती सारखी वाजत राहते आणि लोक कंटाळून बंद करतात.

खोक्यावर ‘ॲपल फाइंड माय’ किंवा ‘गूगल फाइंड हब’ (जुन्या मालावर ‘फाइंड माय डिव्हाइस’) यांपैकी काय लिहिलंय ते बघा. सॅमसंगचे स्मार्टटॅग फक्त गॅलेक्सी फोनवर जोडता येतात. जिओचेही दोन वेगळे आहेत : जिओटॅग एअर ॲपलच्या जाळ्यावर, जिओटॅग गो गूगलच्या. दुकानात ही दोन हमखास उलटसुलट हातात येतात. काही टॅग दोन्हींसाठी बनवलेले असतात, पण जोडताना एकच जाळं निवडावं लागतं. निवड सोपी आहे : वस्तू हरवल्यावर जो शोधणार, त्याच्या फोनचा टॅग घ्या. मग तो घरातल्या इतरांबरोबर अॅपमधून शेअर करता येतो, मात्र त्याच जातीच्या फोनवाल्यांबरोबर.

एअरटॅगला अडकवायला भोक नसतं, कव्हर वेगळं घ्यावं लागतं. ते स्वस्तातलं सिलिकॉनचं घेऊ नका. किल्लीच्या जुडग्यात घासून त्याची कडी फाटते आणि टॅग पडतो, किल्ली हातातच राहते.

प्रश्न : बॅटरी संपल्याचा इशारा आला म्हणून नवी टाकली, तरी टॅग चालत नाही. दुसरी आणली, तीच गत. (रामबाग)

उत्तर : बहुतेक टॅगमध्ये सीआर२०३२ ही नाण्यासारखी चपटी बॅटरी, म्हणजे बोलीत ‘नाणं’, लागतं. आकड्यातच माप आहे : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचं, लिथियमचं. सीआर२०२५ त्याच व्यासाचं पण पातळ असल्याने बसतं, पण संपर्क नीट लागत नाही. आधी नाण्यावर कोरलेला आकडा बघा.

आकडा बरोबर असेल तर कडू थर तपासा. मुलांनी तोंडात घातल्यास थुंकून टाकावं म्हणून काही कंपन्या नाण्यावर कडू लेप देतात. एअरटॅगमध्ये संपर्काचे पत्रे नेमके त्या लेपावर टेकले की वीजच पोचत नाही. ॲपलनेही अशा बॅटऱ्या चालतील याची खात्री नाही असं सांगितलेलं आहे. लेपाचं वलय उजेडात धरल्यावर दिसतं. खरवडत बसू नका, बिनलेपाची आणा.

बसवण्याची पद्धत : एअरटॅगच्या स्टीलच्या बाजूवर दोन अंगठे दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, झाकण निघेल. नवं नाणं अधिक चिन्ह वर, झाकणाकडे ठेवून टाका. नीट बसलं की टॅग एक सूर वाजवतो. सूर आला नाही तर झाकण लावण्याआधीच चूक शोधा. मग झाकणाचे तीन दात टॅगच्या खाचांशी जुळवून घड्याळाच्या दिशेने अडेपर्यंत फिरवा. नाणं कोरड्या कापडाने पुसून घ्या. सुटी नाणी एका डबीत टाकून ठेवली असतील तर एकमेकांना लागून ती आधीच उतरलेली असू शकतात. ‘नवी’ बॅटरी मेलेली निघण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

साधारण वर्षभर नाणं टिकतं. रोज किल्ली शोधायला वाजवत असाल तर कमी.

आणि हे कृपया गांभीर्याने घ्या. लहान मुलाने असं नाणं गिळलं, किंवा गिळल्याची नुसती शंका असली, तरी वाट बघू नका. अन्ननलिकेत अडकलेलं नाणं दोन तासांत आतून भाजायला लागतं, आणि सुरुवातीला मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. उलटी करवू नका. एम. वाय. किंवा जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे तडक न्या, एक्स-रे काढायला सांगा, आणि बॅटरीचं पाकीट सोबत असू द्या. जुनं नाणंही तेवढंच घातक असतं. काढल्यावर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असं टाका.

प्रश्न : मी नोकरीवरून रात्री स्कूटरने घरी येते. काल फोनवर सूचना आली की एक अनोळखी टॅग माझ्याबरोबर फिरतो आहे. घाबरून मी ती पुसून टाकली. आता काय करू? (विजयनगर)

उत्तर : सूचना पुसल्याने काही बिघडलेलं नाही, पुन्हा शोधता येतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’खाली ‘अननोन ट्रॅकर अलर्ट्स’ आहे, तिथे ‘स्कॅन नाउ’ दाबा. आयफोनवर ‘फाइंड माय’मधल्या ‘आयटम्स’मध्ये खाली, तुमच्यासोबत सापडलेल्या वस्तूंची यादी बघा. दोन्हींत टॅग वाजवण्याचा पर्याय असतो. शक्यतो शांत जागी, गाडी बंद करून हे करा, कारण आवाज बारीक असतो आणि लपवणारा तो कापडात गुंडाळून ठेवतो.

हाताने शोधताना स्कूटरच्या सीटखालची डिकी, सीटच्या फोमच्या खालची बाजू, पुढच्या ॲप्रनच्या आत, नंबर प्लेटच्या मागे, हेल्मेटच्या अस्तरात, पर्सच्या तळाशी बघा. कधीकधी कारण साधं असतं : भावाची बॅग घेतलेली असते, किंवा जुनी गाडी घेतली आणि पहिल्या मालकाचा टॅग आतच राहिला. आधी घरात विचारा.

टॅग सापडला आणि तो कोणाचा हे कळलं नाही, तर फेकू नका. तो कुठे होता त्याचा फोटो काढा. एअरटॅगची पांढरी बाजू फोनच्या पाठीला लावली की पान उघडतं, त्यावर अनुक्रमांक आणि बऱ्याचदा मालकाच्या फोनचे शेवटचे चार आकडे दिसतात. त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा. बॅटरी काढली की माग थांबतो, पण ती घराच्या दारात काढू नका, कारण शेवटची नोंद तिथलीच राहील. वर्दळीच्या ठिकाणी किंवा थेट पोलीस ठाण्यात काढा. मालकाचा तपशील पोलीस कायदेशीर मागणी करून कंपनीकडून मिळवू शकतात, म्हणून टॅग त्यांच्याच हाती द्या.

स्त्रीचा असा पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तातडीची मदत ११२ वर मिळते. यात संकोच करण्यासारखं काही नाही. टॅग लपवणारा बहुतेकदा ओळखीतलाच असतो आणि त्यामुळेच लोक तक्रार टाळतात, पण तुम्ही टाळू नका. एक मर्यादाही सांगतो : ही सूचना तत्काळ येत नाही आणि सगळ्या स्वस्त टॅगबद्दल येतेच असं नाही. शंका असेल तर सूचनेची वाट न बघता स्वतः स्कॅन करा.

प्रश्न : मोटरसायकलमध्ये टॅग लपवून ठेवला तर चोरी झाल्यावर सापडेल ना? (महू)

उत्तर : त्याच्या भरवशावर राहू नका. वरच्या उत्तरातली सूचना चोराच्या फोनवरही येते, आणि टॅग आपणहूनही वाजतो. एअरटॅग मालकापासून आठ ते चोवीस तास दूर राहिला की हलवताना आवाज करतो. शिवाय टाकीखाली किंवा लोखंडी पत्र्याच्या आत तो जवळजवळ मुका होतो. गाडीसाठी बॅटरीला जोडलेलं, सिमवालं जीपीएस उपकरण घ्या. ठिपका दिसला तरी स्वतः दार ठोठवायला जाऊ नका. स्क्रीनशॉट, वेळ आणि एफआयआर घेऊन पोलिसांबरोबर जा.

प्रश्न : वडिलांना विसरायला होतं, ते अधूनमधून बाहेर पडतात. त्यांच्या खिशात टॅग ठेवू का? (नंदलालपुरा)

उत्तर : ठेवा, पण फक्त जोडीला. आजूबाजूला कोणाचा फोन नसेल तर टॅग काहीच सांगणार नाही, आणि अशा वेळी दर मिनिट मोलाचं असतं. सिम आणि जीपीएस असलेलं घड्याळ घ्या, रोज रात्री चार्ज करा. सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवून घ्या. ती कधी डिस्चार्ज होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आणि रिक्षा स्टँडवरही वडिलांचा फोटो दाखवून ठेवा.

प्रश्न : रेल्वेच्या आणि विमानाच्या सामानात टॅग चालतो का? (मल्हारगंज)

उत्तर : चालतो. सीआर२०३२ मध्ये लिथियम साधारण ०.१ ग्रॅम असतं, चेक-इन सामानातल्या अशा टॅगसाठी मर्यादा ०.३ ग्रॅम आहे. ॲल्युमिनियमच्या पेटीत ठेवत असाल तर कडेच्या कापडी खिशात ठेवा. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रतलामच्या पुढे रेंज जाते तिथे ठिपका थांबलेला दिसेल. आजूबाजूच्या प्रवाशांच्या फोनांना रेंज आली की नोंदी एकदम येतात. बॅग पट्ट्यावर आलीच नाही तर विमान कंपनीच्या काउंटरवर आधी लेखी तक्रार नोंदवा, मग ठिकाण दाखवा. आयफोनवर आयओएस १८.२ पासून त्या ठिकाणाची तात्पुरती लिंक देता येते.

प्रश्न : वापरलेला टॅग विकत घेणं बरं का? (परदेशीपुरा)

उत्तर : विकणाऱ्याने तुमच्यासमोर स्वतःच्या अॅपमधून तो काढून टाकला, आणि तिथेच तुमच्या फोनला जोडला गेला, तरच पैसे द्या. दुकानदार ‘रीसेट करून देतो’ म्हणाला तरी जुन्या खात्याला बांधलेला टॅग नव्या फोनला जोडला जात नाही.