जगातला सर्वात मोठा केबल-स्टेड पूल कोणता, आणि प्रत्येक यादीत वेगळं नाव का दिसतं?

तुम्ही विचारलंय की एका यादीत रशियाचा रस्की पूल पहिला आहे, दुसरीत फ्रान्सचा मियो, तिसरीत चीनचा एखादा, तर यातला खरा सर्वात मोठा कोणता आणि पहिले दहा क्रमाने कोणते.

केबल-स्टेड म्हणजे मनोऱ्यांपासून निघालेल्या तिरक्या केबल्सवर थेट पेललेला पूल. त्यात सर्वात मोठा चांगताई. चीनच्या जिआंग्सू प्रांतात यांगत्से नदीवर सप्टेंबर 2025 मध्ये खुला झालेला हा पूल, मुख्य गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) 1208 मीटर. त्याआधी 2012 पासून व्लादिवोस्तोकचा रस्की 1104 मीटरवर पहिला होता. त्याखाली हूतोंग 1092 (2020), सूतोंग 1088 (2008), हाँगकाँगचा स्टोनकटर्स 1018 (2009), वूहानचा छिंगशान 938, अदोंग 926, जियायू 920 आणि जपानचा तातारा 890 (1999). क्वानयिनस (1160) आणि मा'आनशान (1120) हे चिनी पूल काही याद्यांत आहेत, काहींत नाहीत, कारण यादी केव्हा केली यावर ते ठरतं. चांगताईच्या खालचे आकडे सतत हलत आहेत, त्यामुळे दहावा नेमका कोणता यावर डोकं शिणवू नका.

रस्कीला अजूनही पहिला ठेवणारी यादी फक्त जुनी आहे. मियोला पहिला ठेवणारी यादी मात्र मापच चुकीचं घेऊन बसली आहे, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल. एकूण लांबीवर पुलांचे नंबर लावणाऱ्यांशी मी बरेच वाद घातले आहेत, त्यातले काही तर याच क्षेत्रातल्या लोकांशी. मियोची लांबी 2460 मीटर, म्हणून तो मोठा, असं त्यांचं म्हणणं. पण त्या 2460 मध्ये 342 मीटरचे सहा गाळे आणि टोकांना 204 मीटरचे दोन आहेत. गाळा 342 चा असेल तर डेक (वाहतुकीचा आडवा पट्टा), केबल आणि मनोरा यांना 342 मीटरच्या पुलाइतकंच सोसावं लागतं, मग असे सहा जोडा नाहीतर साठ.

हे आकड्यांनीच पाहू. केबल तिरकी असते, त्यामुळे ती डेकला वर उचलतानाच मनोऱ्याकडे ओढतेही. हा आडवा ओढा डेकमध्ये दाब म्हणून साठत जातो आणि मनोऱ्यापाशी सर्वात जास्त होतो. सगळ्या केबल्स मनोऱ्याच्या माथ्याजवळ एकत्र येत असतील तर मनोऱ्यापाशीचा दाब म्हणजे डेकचा दर मीटरचा भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले डेकवरच्या मनोऱ्याच्या उंचीची आठपट. दर मीटरला वाहतुकीसह 25 टन धरा, गाळा 1000 मीटर, डेकवर मनोरा 200 मीटर. उत्तर 15,625 टन. केबल्स एकमेकींना समांतर लावल्या तर हाच दाब दुप्पट होतो, म्हणून एवढ्या मोठ्या पुलांत तशी रचना कोणी करत नाही. आता तोच 25 टनांचा भार मियोच्या मापांना लावा: गाळा 342, डेकवर मनोरा 87 मीटर. साधारण 4200 टन येतात. या सूत्रात पुलाची एकूण लांबी कुठेच नाही.

15,625 टन म्हणजे किती ते डेकच्या छेदात दिसतं. पोलादावर 200 मेगापास्कल ताण चालवायचा ठरवलं तर नुसत्या या दाबासाठी पाऊण चौरस मीटर पोलाद लागतं. वाकणं, वारा, चाकांचा भार यांचा हिशेब वेगळा. म्हणून मनोऱ्याकडे येताना पत्र्यांची जाडी वाढवावी लागते. जाडी वाढली की वजन वाढतं, वजन वाढलं की केबल जाड होते, आणि तिचा ओढा पुन्हा डेकवरच येतो. फ्रान्सच्या नॉर्मंडी पुलाने (1995, 856 मीटर) यावर काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. मुख्य गाळ्यात दोन्ही मनोऱ्यांपासून 116-116 मीटर डेक काँक्रीटचा आणि मधले 624 मीटर पोलादाचे. जिथे दाब जास्त तिथे दाब झेलणारं स्वस्त साहित्य आणि जिथे वजन नको तिथे हलकं. पुढच्या काही मोठ्या पुलांतही बाजूच्या गाळ्यांत काँक्रीट असतं, कारण तिथलं वजन मुख्य गाळ्याला तोलून धरतं आणि टोकाच्या खांबांवरची उचल कमी करतं.

गाळा वाढला की केबलही लांबते आणि स्वतःच्या वजनाने झोळते. झोळलेली केबल ओढली की आधी झोळ निघतो आणि मग ती खरी ताणली जाते, म्हणजे ती आहे त्यापेक्षा मऊ वागते. आडवं अंतर 500 मीटर आणि ताण 600 मेगापास्कल असेल तर अर्न्स्टच्या सूत्राने तिचा ताठपणा साधारण 12 टक्के घटतो. ताण 400 वर आणला तर 31 टक्के. 250 मीटरच्या केबलला 600 वर हीच घट जेमतेम 3 टक्के. म्हणून मोठ्या पुलात जास्त ताकदीची तार घेऊन ताण चढा ठेवतात. हूतोंगला 2000 मेगापास्कलची तार वापरली ती याचसाठी.

कंपनांचं थोडक्यात सांगतो. 540 मीटरची केबल सेकंदाला साधारण पाव आवर्तन करते. पाऊस आणि सेकंदाला 8 ते 15 मीटरचा वारा एकत्र आला की केबलच्या वरच्या बाजूला पाण्याची धार तयार होते, हवेचा प्रवाह बदलतो आणि केबल डोलू लागते. केबलवरच्या नळीवर सर्पिल कड उठवणं (नॉर्मंडी) किंवा पृष्ठभागावर खळगे पाडणं (तातारा) हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे डॅम्पर, कंपन शोषणारं साधन. पण डॅम्पर डेकजवळच बसतो, आणि त्यातून मिळणारं जास्तीत जास्त शमन हे त्याच्या जागेच्या गुणोत्तराच्या (टोकापासूनचं अंतर भागिले केबलची लांबी) निम्मं असतं. 540 मीटरच्या केबलवर टोकापासून 10 मीटरवर डॅम्पर लावला तर 0.9 टक्क्याच्या वर काही हाती लागत नाही. यावर थंडीचा मार पडला तर काय होतं ते रस्कीवर दिसलं. नोव्हेंबर 2020 च्या गोठत्या पावसात केबल्सवर बर्फाचा थर चढला आणि पूल बंद ठेवावा लागला. बर्फाने केबलचा आकारच बदलतो, त्यामुळे कड आणि खळगे निकामी होतात, आणि बर्फ सुटला की थेट रस्त्यावर येतो.

उभारणीतही अडचण गाळ्याबरोबर वाढते. दोन्ही बाजूंचे डेक जोडले जाण्याच्या आदल्या दिवशी सूतोंगचा प्रत्येक हात 540 मीटरच्या वर अधांतरी होता. पुलाच्या आयुष्यातली वाऱ्याच्या दृष्टीने सर्वात नाजूक अवस्था ती. तापमान 20 अंशांनी बदललं की एवढा हात 13 सेंटीमीटरने लांबतो किंवा आखडतो. उन्हात केबल्स डेकपेक्षा 10 अंशांनी जास्त तापल्या तर टोक कित्येक सेंटीमीटर खाली येतं. म्हणून पातळी पहाटे, ऊन चढण्याआधी घेतात आणि पुढच्या खंडाची उंची त्यावरून ठरवतात. दुपारच्या मोजणीवर केबलचा ताण जुळवला तर ती चूक पुढच्या प्रत्येक खंडात वाढत जाते.

आता ज्या वादासाठी हे लिहायला घेतलं तो. रस्की 1104, हूतोंग 1092. फरक 12 मीटरचा. 2020 ते 2025 या काळात गाळ्यावर लावलेल्या प्रत्येक यादीने रस्कीला वर ठेवलं आणि मापाप्रमाणे ते बरोबरही होतं. पण त्यावरून रस्की हा मोठा अभियांत्रिकी पराक्रम, असं कोणी म्हणालं की मला ते अजिबात पटत नाही. रस्कीवरून चार लेनचा रस्ता जातो. हूतोंगवर वरच्या मजल्यावर सहा लेन आणि खाली रेल्वेचे चार मार्ग. मोठ्या गाळ्यावर रस्त्याच्या एका लेनचा पसरलेला भार दर मीटरला टनाच्या आसपास धरतात. रेल्वेच्या एका मार्गाला 6 ते 8 टन. चारही मार्ग एकाच वेळी पूर्ण भरलेले धरत नाहीत हे मान्य. तरी वरच्या हिशेबात दर मीटरला 10 टन वाढले की मनोऱ्यापाशी 6250 टन दाब वाढतो, ते विसरू नका. म्हणून हूतोंगला तीन ट्रस (पोलादी जाळीचे सांगाडे) आणि केबल्सचे तीन पडदे आहेत.

शिवाय गाडीला नुसता मजबूत पूल पुरत नाही. डेकच्या टोकाशी रुळाला पडणारा कोन, दोन रुळांच्या पातळीतला फरक आणि गाळ्यातला पीळ, सगळं ठरलेल्या मर्यादेत लागतं. नाहीतर गाडीचा वेग उतरवावा लागतो आणि पूल बांधण्याचा अर्धा उद्देशच जातो. चांगताईत याच्याही पुढची अडचण घेतली आहे. खालच्या मजल्यावर एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला साधा रस्ता, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या केबल्सवर सारखा भार येतच नाही. म्हणून तो पहिला आहे याचं मला दुप्पट समाधान आहे, कारण मापानेही पहिला आणि कामानेही.

तुलना करायचीच असेल तर आधीच्या विक्रमावर किती टक्के उडी घेतली तेही बघा. 1993 च्या शांघायच्या यांगपू पुलाच्या 602 वरून नॉर्मंडी 856 वर गेला, 42 टक्के. तातारा नॉर्मंडीच्या 4 टक्के पुढे. सूतोंग तातारापेक्षा 22 टक्के. रस्की सूतोंगपेक्षा दीड टक्का. चांगताई रस्कीपेक्षा साडेनऊ टक्के. धाडसाची क्रमवारी लावायला सांगितली तर नॉर्मंडी पहिला, सूतोंग दुसरा, आणि रस्की या रांगेत बराच मागे.

मनोऱ्याच्या उंचीच्या याद्या वेगळ्याच फसवतात. मियोची 343 मीटर उंची मुख्यतः दरीची आहे, डेकवरचा मनोरा 87 मीटरचाच. चांगताईचे 352 मीटरचे मनोरे मात्र गाळ्यामुळे उंच आहेत, कारण डेकवरची उंची गाळ्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी लागतेच.

एवढं बोललो तरी अनेक गाळ्यांचे पूल सोपे असतात असं समजू नका. दोन मनोऱ्यांच्या पुलात टोकाच्या केबल्स स्थिर खांबाला बांधलेल्या असतात आणि मनोऱ्याला मागून धरून ठेवतात. मधल्या मनोऱ्याला ती सोय नाही, एका गाळ्यावर भार आला की तो त्या बाजूला झुकतो. ग्रीसच्या रिओ-अँटिरिओने (2004, 560 मीटरचे तीन गाळे) चार पायांचे ताठ मनोरे केले, तेही 65 मीटर खोल पाण्यात आणि भूकंपप्रवण तळावर. हाँगकाँगच्या तिंग काऊने मधल्या मनोऱ्याला लांब आधार-केबल्स दिल्या. स्कॉटलंडच्या क्वीन्सफेरीने (2017, 650 मीटरचे दोन गाळे) गाळ्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंच्या केबल्स एकमेकींवरून ओलांडून नेल्या. सलग डेकचं तापमानामुळे सरकणंही असतंच, 2460 मीटरला 50 अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मीटर. अशा पुलांची वेगळी यादी करा, तिथे मियो आणि रिओ-अँटिरिओ मानाने बसतात.

यादी स्वतः करणार असाल तर मुख्य गाळा मनोऱ्यांच्या मध्यरेषांमध्ये मोजलेला घ्या, आणि गाळा, मनोऱ्यांची संख्या, डेकवरची उंची, लेन व रेल्वेमार्ग, वाहतूक सुरू झाल्याचं वर्ष एवढे रकाने ठेवा. 1408 मीटरचा आकडा दिसला तर तो इस्तंबूलचा यावूझ सुलतान सलीम पूल, केबल-स्टेड आणि झुलता यांचा संकर, तो यात येत नाही. मुख्य गाळ्याची आणि अनेक गाळ्यांची अशा दोन्ही याद्यांत एकाच वेळी बसतो तो चीनचा मा'आनशान: तीन मनोरे, 1120 मीटरचे दोन गाळे, रस्ता आणि रेल्वे दोन्हींसाठी, आणि मधल्या मनोऱ्याला मागून धरणारं काही नाही. गाळ्याच्या मापाने तो चांगताईच्या खाली येतो, पण अवघडपणात मी त्याला वर ठेवतो.