उसाच्या डबल ट्रॉलीचा इंडिकेटर लावला की टेल लाइट लुकलुकतात, मोहोळच्या चौकात ब्रेक दाबून थांबलं की फ्यूज जातो. वायरिंग कसं करावं?

तुमची दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मागच्या ट्रॉलीचे टेल लाइट इंडिकेटरबरोबर मंद लुकलुकतात तो दोष अर्थिंगचा. मोहोळच्या चौकात ब्रेकवर पाय ठेवून थांबलं की जरा वेळाने फ्यूज जातो, तो लोडचा.

आधी अर्थिंग, म्हणजे दिव्यातून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना निगेटिव्हची वायरच नसते. दांडी, हूक आणि पिनेतून अर्थ मिळतो असं धरून चालतात. त्या पिनेवर ग्रीस, गंज आणि काळी माती असते. हिसका बसला की संपर्क सुटतो. मग इंडिकेटरच्या बल्बमधून बॉडीत आलेला करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा टेलच्या वायरीत शिरतो आणि ट्रॅक्टरच्या टेल बल्बवाटे निगेटिव्हला पोचतो. बल्ब कितीही बदला, फरक पडणार नाही.

खात्री करायला एक लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मागच्या दिव्याच्या होल्डरच्या बॉडीला लावा. लुकलुकणं थांबलं तर दोष अर्थिंगचाच. मीटर असेल तर दिवे चालू ठेवून याच दोन जागांमधला व्होल्टेज बघा. पाव व्होल्टच्या आसपास ठीक, एक-दोन व्होल्ट दिसला तर वायर हवीच.

सात पिनांच्या सॉकेटचे नंबर असे: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ नंबर मागच्या फॉग लाइटचा, तो मोकळा सोडला तरी चालतो. वायरीच्या रंगावर जाऊ नका, बाजारातल्या सात कोअर (आत सात वायरी असलेल्या) केबलमध्ये रंग कसेही येतात. नंबर प्लगच्या आत कोरलेले असतात, तेच बघून जोडा. समोरून आणि मागून पाहिलं की क्रम उलटा दिसतो आणि डावा-उजवा इंडिकेटर बदलतो तो इथेच. दिव्यांना १.५ चौरस मिमी, पण ३ नंबरला २.५ चौरस मिमी तांब्याची वायर वापरा, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परत येतो. प्रत्येक दिव्यापर्यंत ती वेगळी न्या आणि ट्रॉलीच्या चासीलाही रंग खरवडून, लग (वायरीच्या टोकाला बसवायची भोकाची पट्टी) लावून एका जागी बोल्टने घट्ट करा.

आता फ्यूज. ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा. ट्रॅक्टरचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे चार मिळून १२६ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेदहा अँपिअर. १० अँपिअरचा फ्यूज लगेच जात नाही, तापून जातो. तिथे २० चा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणं म्हणजे ब्रेक स्विचचे पॉइंट आणि वायरिंग जाळणं. योग्य उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात. ट्रॅक्टरच्या ब्रेकची वायर रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला, बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० ला आणि ८७ वरून सॉकेटच्या ६ ला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. लांब बसवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

यापेक्षा सोपा रस्ता मला पटतो: ट्रॉल्यांना १२ व्होल्टचे एलईडी दिवे लावा. लोड एवढा कमी होतो की रिलेची गरज उरत नाही, आणि खडबडीत रस्त्यावर फिलामेंट तुटायची कटकटही संपते. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरही बिघडत नाही, कारण ट्रॅक्टरचे स्वतःचे २१ वॅटचे बल्ब त्याला दिसत असतात. ते मात्र बदलू नका, नाहीतर इंडिकेटर भराभर मारू लागेल किंवा मारणारच नाही.

फ्यूज फक्त वळताना जात असेल तर लोड शोधत बसू नका, दांडीवरची केबल बघा. वळणात ती ताणली जाते किंवा चिमटते. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा आणि तेवढीच ढील ठेवा. जास्त लोंबली तर फडात पाचट तिला ओढून काढतं. जॉइंटला नुसती चिकटपट्टी नको, सोलापूरच्या उन्हात तिचा डिंक वितळून ती महिनाभरात सुटते. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

दुसऱ्या ट्रॉलीसाठी पहिलीच्या मागे सॉकेट लावा आणि ते खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. आणखी एक, वायरिंग उत्तम असूनही दिवे उपयोगाचे नसतात ते ऊस मागे लोंबतो म्हणून. लाकडी पट्टीवर दोन टेल लॅम्प आणि मागे लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी लावून तो बोर्ड भरल्यावर उसाच्या टोकाला बांधता येतो. त्यासाठी शेवटच्या ट्रॉलीची केबल तीन मीटर जास्त ठेवा.