वाळूमाशी कॉलेजच्या लॅबमध्ये पाळता येते का? अळ्यांच्या भांड्याला बुरशी लागते, काय करावं?

भाऊ, तुम्ही विचारलं की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गोठ्यातून पकडलेल्या वाळूमाश्यांची कॉलनी उभी राहील का आणि बुरशीचं काय करायचं. मी फार शिकलेला नाही, पण नागपूरकडच्या एका लॅबच्या इन्सेक्टरीत, म्हणजे किडे पाळायच्या खोलीत, कंत्राटी हेल्पर होतो, आणि ही बुरशी म्हणजे माझी दुखती नस आहे, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात घाला, वाळूमाशी म्हणजे रक्त पिणारी बारीक माशी (सँडफ्लाय), डास नाही. डासाची अळी पाण्यात वाढते, हिची अळी गोठ्यातल्या भेगेत, शेणामातीच्या ओलसर कचऱ्यात. अळीला ओल पाहिजे, पाणी नको. एवढी साधी गोष्ट आमच्याकडं नवीन आलेल्या सरांना कळत नव्हती, कारण त्यांची पीएचडी डासांवरची. ऐन मे महिना, बाहेर ऊन असं की कवेलूला हात लावला तर चटका बसावा, आत कूलर चालू. सर आले, भांडी पाहिली आणि म्हणाले, "एवढं कोरडं काऊन ठेवलं? ह्युमिडिटी वाढव, सकाळ-संध्याकाळ पाणी टाक." मी म्हणलं सर, हिची भांडी वेगळी असतात, बुडाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर आणि खाली भोकं, भांडं ओल्या वाळूवर ठेवायचं म्हणजे प्लास्टर खालून लागेल तेवढीच ओल ओढतं, वरून पाणी टाकायचं नसते. तर म्हणे, "तुझं शिक्षण किती?"

मग काय, टाकलं पाणी. अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्या तुम्ही पाहिल्या असतील, पांढुरक्या, काळं डोकं, शेपटीला लांब केस, नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतात. खाद्य भिजून त्याची चिखलपेंड झाली, वर पांढरी बुरशी कापसासारखी फुगली आणि त्या पोरी तिच्या धाग्यांत अडकून गेल्या. भिंगाखाली पाहिलं तर काही वळवळत होत्या, सुटत नव्हत्या. मी सुईनं काढायचा प्रयत्न केला, पण एवढ्याशा जिवाला सुई लागली की संपलं. खालच्या रॅकवरची भांडी मात्र मी सरांनी सांगितल्यासारखी भिजवली नव्हती, त्यातून माश्या निघाल्या. रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं? वरच्या रॅकचं नुकसान "हेल्परचा हलगर्जीपणा", खालच्या रॅकचं यश "सुधारित पद्धत". असो.

तर बुरशीवर माझं सरळ मत, ती खाद्यातून आणि पाण्यातून येते, देवाच्या कोपानं नाही. सशाच्या लेंड्या आणि सशाचं खाद्य समान मिसळून ओलं करून काही आठवडे कुजू द्यायचं, वरची बुरशी येऊन ओसरली की वाळवून दळायचं, मग ते पीठ चिमूट चिमूट टाकायचं. ताजं टाकलं की भांड्यात बुरशी फुलणारच. थोडी बुरशी असली तरी मोठ्या अळ्या खाऊन टाकतात, घाबरू नका, जीव जातो तो पहिल्या टप्प्यातल्यांचा. ओल किती ते मीटरवर पाहता का? मीटर पाहा, पण बोटही लावा. सुकं प्लास्टर पांढरंफट्ट दिसतं, ओलं करडं. करडं पण बोटाला पाणी न लागणारं, एवढं बस.

बाकी टेंपरेचर 26 ते 28 डिग्री, अंड्यापासून माशीपर्यंत साधारण 5 ते 7 आठवडे. मोठ्या माश्यांना साखरपाण्याचा कापूस, अंड्यांसाठी मादीला रक्त. पिंजऱ्याला मच्छरदाणीचं कापड लावू नका, त्यातून ती सहज पसार होते, बारीक जाळीचं लागते. आणि गोठ्यातल्या माद्या एका भांड्यात कोंबू नका, फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमायिया ह्या वाळूमाशीच्या दोन वेगळ्या जाती मिसळून येतात, एकेक मादी वेगळ्या कुपीत ठेवा, अंडी घालून मेली की स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली जात ओळखा, मगच पोरं एकत्र करा. आमच्या सरांनी हेही नाही ऐकलं, पण ते जाऊ द्या.

कॉलेजात होईल का, तर खरं सांगू, मला नाही वाटत. आमच्याकडं लाइट गेली की रात्रभर कोण बसणार? आणि रक्तासाठी प्राणी वापरायचे तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. हे आधीच सांगायला पाहिजे होतं, आता सांगतो, जंगली मादीला स्वतःचा हात देऊ नका. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडलेला चांदीपुरा विषाणू हीच माशी पसरवते, 2003 मध्ये आंध्रात 183 पोरं गेली त्यानं, आणि तो माशीच्या अंड्यातून तिच्या पुढच्या पिढीत जातो हे लॅबमध्ये दिसलंय. माश्या पकडायला तोंडानं ओढायची नळी असते, त्या ॲस्पिरेटरला फिल्टर लावा.

आणि तुमचे गाईड डासवाले असले अन् पाणी टाक म्हणाले, तर दोन भांडी वेगवेगळी ठेवून त्यांनाच भिंगाखाली दाखवा, तोंडानं वाद घालू नका. माझ्याकडं रजिस्टर नव्हतं, तुम्ही तारीख टाकून स्वतःची वही ठेवा, सही त्यांची घ्या.