स्क्रब टायफस: जंतू, जीवाणू की विषाणू?

नागपूरच्या एका वाचकाची शंका आहे. पावसाळ्यात त्यांच्या शेजारी स्क्रब टायफस या तापाचा रुग्ण निघाला. बातमीत ‘स्क्रब टायफसचा विषाणू’ असं छापून आलं होतं, डॉक्टर ‘जंतुसंसर्ग’ म्हणाले, तर घरातल्या आजींनी पोटात ‘जंत’ झाल्याचं निदान केलं. यातला बरोबर शब्द कोणता?

जीवाणू. ‘जंतुसंसर्ग’ चालेल, ‘विषाणू’ मात्र चालणार नाही, आणि जंतांचा तर इथे संबंधच नाही.

जंत आणि जंतू मुळात एकच. संस्कृत ‘जन्’ धातूवरून ‘जन्तु’, म्हणजे जन्मलेला कुठलाही प्राणी. मराठीत ‘जंत’ आतड्यातल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कृमींपुरता उरला. ‘जंतू’ न दिसणाऱ्या रोगकारकांना लागू झाला, आणि त्यात जीवाणू, विषाणू असे सगळेच येतात. म्हणून डॉक्टरांचा शब्द चूक नाही, मोघम आहे.

‘विषाणू’ची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये ‘व्हायरस’ म्हणजे विष, तेच मराठीत आलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. स्क्रब टायफसवर मात्र डॉक्सीसायक्लिन हे साधं, जुनं अँटिबायोटिक लागू पडतं, वेळेत मिळालं तर. ‘विषाणूजन्य ताप आहे, उतरेल आपोआप’ अशा समजुतीत घरी थांबलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाची साथ आली, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात रुग्ण भरती झाले, काही दगावलेही. त्यामुळे बातमीतला हा एक शब्द मला किरकोळ वाटत नाही.

अर्थात, घोटाळा व्हायला कारण आहे. स्क्रब टायफसचा ‘ओरिएन्शिया सुत्सुगामुशी’ हा जीवाणू दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढतच नाही. रक्त नेहमीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, लावलं तर त्यात काही उगवत नाही. या जातीच्या जीवाणूंना एकेकाळी शास्त्रज्ञसुद्धा जीवाणू आणि विषाणू यांच्या मधलं काहीतरी समजत. नावातलं ‘मुशी’ जपानी आहे, अर्थ किडा. गवताझुडपांत राहणाऱ्या ‘माइट’ नावाच्या बारीक किड्याची अळी चावते आणि तिच्यातून जीवाणू अंगात जातो. म्हणून या तापाला ‘गोचीड ताप’ म्हणतात, तेही मला पटत नाही. गोचीड वेगळी, ती गुरांच्या अंगावर टच्च फुगलेली दिसते. ही अळी सहज नजरेस पडत नाही. पुष्कळदा काखेत किंवा जांघेत तिच्या चाव्याची काळी खपली तेवढी सापडते, सिगारेटच्या चटक्यासारखी. ती दुखत नाही, म्हणून रुग्णही सांगत नाही. शोधावी लागते.

याच वाचकांनी जाता जाता ‘टायफस म्हणजेच टायफॉइड ना?’ असंही विचारलंय. नाही. ग्रीक ‘टायफोस’ म्हणजे धूर, धुकं. तापाने येणाऱ्या गुंगीवरून टायफस. टायफॉइड म्हणजे ‘टायफससारखा’. दोन्ही तापांची लक्षणं बरीच जुळत, म्हणून नाव तसं पडलं. टायफॉइड, आपला विषमज्वर, दूषित पाण्या-अन्नातून होतो, आणि त्याचा जीवाणू साल्मोनेला.

लेखनाबद्दल एवढंच की ‘जिवाणू’ आणि ‘जीवाणू’ दोन्ही छापलेलं दिसतं. मी ‘जीवशास्त्र’, ‘जीवसृष्टी’प्रमाणे ‘जी’ दीर्घ लिहितो.