सीएसआर निधीच्या वाटेवर नव्याने निघालेल्यांसाठी

तुम्ही संस्थेसाठी सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या सामाजिक जबाबदारी म्हणून खर्च करतात तो पैसा, मिळवण्याच्या कामाला लागला आहात, हे वाचून आनंद झाला. कायद्याचे तूर्त एवढेच ध्यानात ठेवा : कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम अनुसूची 7 मधील (म्हणजे याच कायद्यात दिलेल्या यादीतील) सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि ती रक्कम घेऊन काम करायचे तर संस्थेने आधी सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी क्रमांक मिळवलेला असावा लागतो.

नवखे लोक हमखास चुकतात ते दोन ठिकाणी :

- प्रस्ताव मार्चच्या तोंडावर पाठवणे. घाईने मिळालेला पैसा घाईनेच संपवावा लागतो.
- वस्तू देऊन मोकळे होणे. आमच्या पहिल्याच प्रकल्पात आम्ही एका शाळेत पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवले, फीत कापली, फोटोही निघाले. आठ महिन्यांनी गेलो, तर फिल्टर बदलायला पैसे नाहीत म्हणून बंद पडलेल्या यंत्रावर खडूंचे खोके रचलेले होते आणि मुले पूर्वीसारखीच हापशावर पाणी पीत होती. तेव्हापासून देखभालीचा खर्च कोण करणार, याचा शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव हाती आल्याशिवाय मी पुढे सरकत नाही.

परिणाम-मूल्यमापन, अखर्चित रकमेचे खाते वगैरे सध्या बाजूला राहू द्या. आधी एकाच गावात एकच काम घ्या, आणि कंपनीच्या माणसाला ते गाव एकदा भर उन्हाळ्यात दाखवा.